धोंडा जागचा हलवू नका

तालुक्याच्या पर्यटन विकासाचं काम पाहणारे अधिकारी, कामाचे ठेकेदार आणि आमच्या वाडीचे कारभारी यांना,

सप्रेम नमस्कार.

गेल्या महिन्यात रात्रीची जेवणं आटोपली होती आणि धाकट्या भावाचा फोन आला. "आक्का, वाट्याच्या धोंड्यावर चुन्यानं फुली मारलीया. क्रेन आणून उचलणार म्हणत्यात. फाट्यावर बाग करायची हाय, तिथं बसवणार." दुसऱ्या दिवशी पहिल्या एसटीनं मी गाव गाठलं. फुली होती. हातभर लांब, ओल्या चुन्याची, आणि ती नेमकी बैलाच्या पाठीवर पडली होती.

मी कोल्हापूर शहरात राहते. प्राथमिक शाळेत शिक्षिका होते, आता निवृत्त आहे. माहेर जिल्ह्याच्या पश्चिमेकडच्या डोंगरात. वाडीचं नाव मी या पत्रात लिहिणार नाही आणि धोंड्याकडे जाणारी वाटही सांगणार नाही. ज्यांना पत्र लिहिलं आहे त्यांना जागा ठाऊक आहे. बाकीच्यांनी ती शोधत आज तिकडे जाऊ नये, कारण तिथं राखणीला कोणी नाही. पत्र सर्वांसमोर ठेवते आहे ते अशासाठी, की याच मजकुराचे तीन अर्ज मी तीन ठिकाणी देऊन पोच घेतली आणि तिन्हीकडून एक ओळही लेखी उत्तर आलं नाही.

ज्यांनी धोंडा पाहिला नाही त्यांच्यासाठी सांगते. वरच्या कड्यावरून कधीकाळी सुटून माळाच्या उतारावर येऊन थांबलेला काळ्या कातळाचा तो एक प्रचंड तुकडा आहे. दोन बैलगाड्या शेजारी उभ्या केल्या तर त्याच्याआड झाकल्या जातील. वरची बाजू उतरती, पूर्वेची जवळजवळ सरळ उभी. अंगावर वाटीसारखे खळगे आहेत, म्हणून वाट्याचा धोंडा. लहानपणी मी मोजले तेव्हा ३९ भरले होते, परवा मोजले तेव्हाही ३९. काहींत आवळा मावेल, काहींत नारळाची अर्धी करवंटी. दोन खळगे बोटभर रुंदीच्या चरानं एकमेकांना जोडलेले आहेत. चराच्या खालच्या अंगाला एक जनावर आहे, लांब वळलेल्या शिंगांचं आणि पाठीवर वशिंड असलेलं. आम्ही त्याला बैल म्हणतो. दुपारी बाराला तिथं उभं राहिलं तर तो दिसत नाही. उन्हं तिरपी झाली की आधी वशिंड उमटतं, मग पाठ, मग शिंगं. वळवाची सर येऊन गेल्यावर कातळ ओला असतो तेव्हा शेपटीचा गोंडासुद्धा दिसतो.

पाहणीला आलेले साहेब भर दुपारी आले होते. "इथं काही नाही, पावसानं पडलेले खड्डे आहेत," असं म्हणून दहा मिनिटांत परतले, असं भाऊ सांगतो.

साहेब, पाण्यानं पडलेले खळगे मीही पाहिले आहेत. शाळेची सहल घेऊन निघोजला गेले होते, कुकडी नदीच्या पात्रातले रांजणखळगे पाहायला. पाणी भोवऱ्यासारखं फिरतं, त्यात गोटे घुसळले जातात आणि कातळ पोखरला जातो. त्यासाठी नदी लागते. आमचा धोंडा माळाच्या उतारावर आहे, ओढा तिथून बराच खाली. आणि ३९ पैकी ११ खळगे उभ्या बाजूवर आहेत. उभ्या कातळावर पाणी थांबत नाही, गोटा फिरत नाही. धान्य कांडायची उखळं म्हणावीत, तर भिंतीवर कोणी उखळ पाडत नाही.

आमच्या शेजारच्या गावात एक म्हातारे पाथरवट आहेत. जाती-पाटे, देवळाच्या पायऱ्या, समाध्या करण्यात त्यांचं आयुष्य गेलं. त्यांना मी मुद्दाम धोंड्यापाशी नेलं. त्यांनी खळग्यात बोट फिरवलं, बैलाच्या पाठीवरून तळहात नेला आणि म्हणाले, "ही टाकीची खूण न्हवं, बाई. टाकी रेघ वडती. हितं दगडानं दगड ठेचलाय." छिन्नीच्या घावाची सरळ रेघ तिथं कुठंच नाही, सगळीकडे ठेचल्याचे बारीक टिपके आहेत, एकाला एक लागून. एवढ्यावरून काळ ठरत नाही, हे मलाही समजतं. कोरीव खुणेत कोळसा नसतो, हाड नसतं, त्यामुळे प्रयोगशाळेत पाठवून वय काढण्याची सोपी सोय नाही. म्हणूनच तर धोंड्याचं अंग, त्याच्या पायाची माती आणि त्याचा शेजार जसाच्या तसा राहायला हवा. आदिमानवाच्या काळापर्यंत पोहोचण्याच्या वाटा त्यातच आहेत.

या धोंड्याशी माझं काय नातं आहे तेही सांगायला हवं.

माझी आज्जी वळवाचा पहिला पाऊस झाला की धोंड्यावर जाऊन खळग्यांतलं पाणी बघून यायची. कुठल्या खळग्यात किती दिवस पाणी टिकलं यावरून भाताची पेर कधी धरायची याचा तिचा हिशेब असे. बेंदराच्या दिवशी आमचे आबा बैलांना ओढ्यावर धुवायचे, शिंगं रंगवायचे, झूल घालायचे, आणि मारुतीच्या देवळाआधी बैलजोडी धोंड्यापाशी न्यायचे. दगडातल्या बैलाला आधी हळद, मग आपल्या बैलांना. माळावरच्या धनगरवाड्यातली माणसं म्हैस व्याली की पहिलं दूध तिथं वाहायची. त्यातल्या एका आजोबांना मी विचारलं होतं, हा कुणी केला? ते म्हणाले, "आमच्या बाच्या बाच्या आदी हाय ह्यो. आमी आलो तवा हितंच हुता." मी चौथीत असताना आबांनी मला संध्याकाळी तिथं नेलं आणि म्हणाले, डोळे मिटून बोटांनी शोध बैल. मला तो सापडला. पुढे वर्गात मुलांना इतिहास शिकवायला उभी राहिले, त्याची सुरुवात त्या संध्याकाळी झाली.

आता तक्रारी.

पहिली. निर्णय कुणाला विचारून झाला? ग्रामसभेच्या नोंदवहीत "फाट्यावर सुशोभीकरण करणे" एवढीच ओळ आहे. त्या सुशोभीकरणात धोंडा उचलायचा आहे हे सभेत कुणी बोललं नाही. धनगरवाड्यातल्या तर एकाही माणसाला बोलावलं नव्हतं.

दुसरी तक्रार सर्वांत मोठी आहे, म्हणून तिला जास्त जागा देते. धोंडा उचलून फाट्यावरच्या चौकात ठेवला तर तो सुरक्षित राहील, लोकांना बघायला मिळेल, असं तुमचं म्हणणं माझ्या कानावर आलं आहे. तुमचा हेतू वाईट आहे असं मी म्हणत नाही. पण अशा दगडाची जागा हाच त्याचा अर्धा मजकूर असतो. उभ्या बाजूचे ११ खळगे उगवतीकडेच का आहेत? बैलाचं तोंड ओढ्याच्या दिशेला का आहे? वरच्या सपाटीवर आणखी दोन धोंड्यांवर अस्पष्ट चर दिसतात, त्यांचा आणि याचा काही संबंध आहे का? धोंडा जागेवर असेल तर हे प्रश्न विचारता येतात. फाट्यावर सिमेंटच्या ओट्यावर बसवल्यावर तो एक मोठा दगड उरेल.

आणि पायाची माती. ज्यांनी हे खळगे ठेचले त्यांचे ठेचायचे गोटे, दगडाच्या ढलप्या, गारगोटीची नखाएवढी पाती, चुलीची राख, जे काही असेल ते धोंड्याच्या बुडाशी मातीतच असणार. पोकलेननं धोंड्याखाली खणायला सुरुवात केली की तासाभरात सगळे थर कालवले जातील. मग जगातला कुठलाही तज्ज्ञ आणा, कोणता गोटा कोणत्या थरातला हे त्याला सांगता येणार नाही.

थर म्हणजे काय हे कोल्हापूरला वेगळं सांगायला नको. पंचगंगेकाठच्या ब्रह्मपुरीच्या टेकाडात काशाच्या वस्तूंचा ठेवा निघाला. त्यातली ग्रीकांच्या समुद्रदेवाची, पोसायडनची, छोटी मूर्ती आपल्या टाउन हॉलच्या संग्रहालयात आहे. पुढे १९४५-४६ साली डेक्कन कॉलेजचे सांकलिया आणि दीक्षित यांनी त्या टेकाडाचं थराथरानं उत्खनन केलं, तेव्हा या शहराची वस्ती सातवाहनांपर्यंत मागे नेता आली. टेकाड आधीच सपाट करून वर बाग केली असती, तर ती मूर्ती नुसती कपाटात उभी राहिली असती आणि तिच्याभोवतीचं गाव आपल्याला कधीच कळलं नसतं.

अंबाबाईच्या देवळातल्या मणिकर्णिका कुंडाचं काय झालं हेही शहरात सर्वांना माहीत आहे. कुंड बुजवला, वर बाग केली, स्वच्छतागृह उभं राहिलं. अलीकडच्या वर्षांत तोच कुंड पुन्हा उकरून काढावा लागला. कुंड निदान जमिनीत शिल्लक तरी होता. उचललेला धोंडा परत त्याच जागी, त्याच दिशेनं आणि त्याच मातीवर कोणी ठेवू शकणार नाही.

कर्नाटकात बळ्ळारीजवळ कुपगल नावाचा डोंगर आहे. तिथल्या काळ्या दगडांवर नवाश्मयुगापासूनची, म्हणजे माणूस शेती आणि गुरं पाळू लागला त्या काळापासूनची, शेकडो चित्रं ठेचून कोरलेली आहेत, त्यांत वशिंडाचे आणि लांब शिंगांचे बैल भरपूर. तिथले काही दगड गोट्यानं ठोकले की घंटेसारखे वाजतात आणि ठोकून ठोकून त्यांच्यावर खळगे पडले आहेत. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस त्यांची पहिली नोंद झाली आणि मग ही जागा जवळजवळ विस्मृतीत गेली. नव्यानं अभ्यास होऊन २००४ साली तो प्रसिद्ध झाला, तोवर दगडाच्या खाणींनी डोंगराला हात घातला होता. आमचा धोंडा कुपगलच्या जातीचा आहे की नाही हे अभ्यासकांनी ठरवावं. ते येण्याआधी आपण तो हलवू नये, एवढीच माझी मागणी आहे.

तिसरी तक्रार साफसफाईची. फुली मारणाऱ्या माणसांनी "दगड कसा दिसतोय बघू" म्हणून पश्चिमेच्या अंगाचे चार खळगे तारेच्या ब्रशनं घासले आहेत. पुढचा बेत असा कळला, की सगळा धोंडा ॲसिडनं धुवायचा आणि बैल लोकांना लांबून दिसावा म्हणून त्याच्या रेषांत पांढरा ऑइलपेंट भरायचा.

हे करू नका हो. कातळावर जे पांढरट, राखाडी, हिरवट डाग दिसतात ते दगडफूल आहे. ज्याच्याशिवाय आपला कांदा-लसूण मसाला होत नाही, त्याच कुळातलं. ते अतिशय सावकाश वाढतं. खळग्याच्या आत ते किती वाढलं आहे आणि बाहेर किती, खळग्याच्या तळाचा रंग आजूबाजूच्या कातळाइतका काळवंडला आहे की अजून फिकट आहे, यावरून खूण जुनी की नवी याचा अंदाज जाणकार घेतात. घासलेले चार खळगे आज फिकट करडे दिसतात, जणू काल कोरले. त्यांचा पुरावा गेला. ३५ उरले आहेत. रंग भरला तर आणखी एक अनर्थ होतो. रंगवणारा माणूस स्वतःला दिसेल तशी रेघ ओढतो आणि पुढच्या प्रत्येकाला त्याचाच बैल दिसतो, मूळचा कधीच नाही. खडूनं रेघ ओढून फोटो काढणंही त्याच कारणासाठी चुकीचं आहे.

चौथी. मी अर्ज दिला तिथं मला सांगण्यात आलं की जागा आमच्याकडे येत नाही. ज्यांच्याकडे येते असं सांगितलं, त्यांनी मला तिसऱ्या दारी पाठवलं. तिसऱ्या ठिकाणी संगणकावर एक यादी उघडून पाहिली आणि म्हणाले, "बाई, हा दगड संरक्षित स्मारकांच्या यादीत नाही. यादीत नाही म्हणजे आम्हाला काही करता येत नाही."

या वाक्यावर मी फार विचार केला आहे. कोकणातली कातळशिल्पं तरी यादीत कुठं होती? आपल्या डोंगराच्या पलीकडे, अणुस्कुरा घाट उतरलं की राजापूर तालुका लागतो. तिथल्या जांभ्याच्या सड्यांवर, म्हणजे उघड्या कातळाच्या पठारांवर, हत्ती, गेंडे, वाघ, मासे, मोर, माणसं कोरलेली आहेत. कशेळीचा हत्ती तर सुमारे १८ मीटर लांबीचा आहे. सड्यावरून रोज गुरं नेणाऱ्यांना ती चित्रं पिढ्यान्‌पिढ्या माहीत होती. सरकारी यादीत त्यांचा पत्ता नव्हता. रत्नागिरीचे सुधीर रिसबूड, धनंजय मराठे आणि त्यांचे साथीदार पदरमोड करून सडे पालथे घालत राहिले, गुराख्यांना आणि शेतकऱ्यांना विचारत राहिले, आणि एकेक चित्र नोंदलं गेलं. २०२२ साली उक्षी, जांभरुण, कशेळी, रुंढे तळी, देवीहसोळ, बारसू, देवाचे गोठणे, सिंधुदुर्गातलं कुडोपी आणि गोव्यातलं फणसयमळ अशी नऊ ठिकाणं युनेस्कोच्या जागतिक वारशाच्या संभाव्य यादीत गेली. आधी माणसं गेली, मग नोंद झाली, मग यादी झाली. तुम्ही क्रम उलटा लावला आहे.

त्या चित्रांत नांगर नाही, शेतीचं कुठलंच दृश्य नाही, म्हणून ती शेतीपूर्व काळातल्या शिकारी माणसांची असावीत असं अभ्यासक मांडतात. एकशिंगी गेंडा आज कोकणात कुठंही नाही, पण दगडावर आहे. घाटाखाली इतकी चित्रं सापडतात, मग घाटावर आपल्याकडे कोणी शोधलंच नाही की काही नव्हतंच, हा प्रश्न कोल्हापूरकरांना पडायला नको का?

आणि कायद्याबद्दल. १९५८ च्या केंद्राच्या कायद्यातली प्राचीन स्मारकाची व्याख्या काढून पाहा. तिच्यात इमारत आहे, गुहा आहे, शिलालेख आहे, एकसंध शिळा आहे आणि दगडावरचं कोरीव कामही आहे. अट किमान शंभर वर्षांच्या अस्तित्वाची. राज्याचा स्वतःचा कायदा १९६० चा आहे, त्याखालीही अशी ठिकाणं संरक्षित करता येतात. संरक्षित ठिकाणाची नासधूस केली तर केंद्राच्या कायद्यात २ वर्षांपर्यंत कैद, १ लाख रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही आहे. ही सगळी ताकद अधिसूचना निघाल्यावर येते, हे खरं. पण अधिसूचना निघावी म्हणून कुणीतरी आधी प्रस्ताव पाठवावा लागतो, आणि तो पाठवायला तुम्हाला कुणी अडवलेलं नाही.

पाचवी तक्रार माझ्याच माणसांबद्दल आहे. दक्षिणेच्या अंगाला दोन जोड्यांची नावं आणि एक बाण-बदाम खरवडलेला आहे, तो आपल्याच वाडीतल्या पोरांनी. धोंड्यावर नारळ फोडतात, उदबत्त्या टेकवतात, पार्टीला जाणारे त्याच्या आडोशाला चूल मांडतात. तापलेल्या कातळावर पाणी पडलं की पापुद्रे सुटतात, हे कुणालाही कळावं. मीसुद्धा लहानपणी त्या खळग्यांत चिंच ठेचली आहे आणि आबांच्या हातून बैलाला हळद-तेल लागलेलं पाहिलं आहे. आज मला त्याचं वाईट वाटतं. तेल कातळात मुरतं, त्यावर धूळ बसते. यंदा बेंदराला आपण बैल तिथवर नेऊ, माळ पायथ्याशी ठेवू, आणि हात लावणार नाही, असं मी भावाला सांगितलं आहे. त्याला ते पटलं. बाकीच्यांनाही पटेल, पण आधी त्यांच्याशी कुणीतरी बसून बोलायला हवं.

"जुन्या दगडासाठी विकास अडवता का?" असं एका कारभाऱ्यांनी मला तोंडावर विचारलं. माळावर रस्ता हवा हे मलाही मान्य आहे. धनगरवाड्यातल्या बाळंतिणीला आजही डालीत घालून खाली आणावं लागतं. रस्ता पहिला त्यांच्यासाठी हवा. धोंड्याच्या दक्षिणेला त्यांची जुनी पायवाट आहे, चढ कमी आहे, आणि तिकडून रस्ता नेला तर तो त्यांच्या दारात जातो. रस्त्याची आत्ताची आखणी त्यांच्या वाड्याला वळसा घालून जाते. ती कुणाच्या सोयीसाठी आहे हे मी विचारत नाही, पण नकाशा पुन्हा एकदा त्यांच्यासमोर उघडावा.

चौकासाठी काहीतरी हवंच असेल तर प्रतिकृती करा. या शहराला कलापूर म्हणतात. बाबूराव पेंटरांसारखा माणूस इथं चित्र आणि शिल्प दोन्ही करून गेला, आजही इथं चांगले मूर्तिकार आहेत आणि आमच्या भागात पाथरवट शिल्लक आहेत. खाणीतला काळा दगड घ्या, त्यावर बैल आणि खळगे कोरून घ्या, तो फाट्यावर बसवा. पोरांना त्यावर चढू द्या, फोटो काढू द्या. ज्या म्हाताऱ्या पाथरवटांबद्दल वर लिहिलं, ते हे काम करायला तयार आहेत, मी त्यांना विचारून लिहिते आहे.

माझ्या मागण्या साध्या आहेत.

धोंडा हलवण्याचं काम थांबवल्याचं लेखी पत्र द्या. तोंडी "बघू" म्हणू नका, क्रेन तोंडी शब्दावर थांबत नाही.

पुरातत्त्वाच्या जाणकारांकडून धोंड्याची, त्याच्या वरच्या सपाटीची आणि ओढ्यापर्यंतच्या उताराची पाहणी करून घ्या. तिरप्या उजेडातले फोटो, मोजमापं, रेखाटनं आणि फोटोग्रामेट्री (अनेक फोटो जोडून संगणकावर धोंड्याची हुबेहूब त्रिमितीय प्रत करणं), सगळं व्हावं आणि त्याची एक प्रत गावच्या शाळेत राहावी. विद्यापीठात आणि महाविद्यालयांत इतिहास शिकणारी मुलं आहेत, त्यांना या कामात घ्या.

पाहणीत ठिकाण जुनं ठरलं तर राज्याच्या कायद्याखाली संरक्षणाचा प्रस्ताव पाठवा. तोवर सातबाऱ्याच्या इतर हक्कांत नोंद करा, म्हणजे उद्या जमीन कुणाच्याही नावावर गेली किंवा कुठलीही योजना आली तरी कागद बोलेल.

धोंड्याजवळ पाया खणू नका. सिमेंटचा ओटा, लोखंडी पिंजरा, फरशी, रंगीत दिवे यांतलं काही नको. गुरं अंग घासू नयेत म्हणून थोड्या अंतरावर कमरेएवढा रचीव दगडांचा बांध पुरे. चुन्याची फुली काढायलाही कुणी ब्रश घेऊन जाऊ नये, ते कसं काढायचं हे जाणकारांना ठरवू द्या.

सुशोभीकरणाच्या पैशांतून वाडीतल्या दोघांना आणि धनगरवाड्यातल्या एकाला राखणदार म्हणून पगार द्या. त्यांना रत्नागिरीला नेऊन तिथली राखण कशी चालते ते दाखवून आणा. राखण बसेपर्यंत जागेचा नकाशा, पाटी किंवा मोबाइलवरचं ठिकाण प्रसिद्ध करू नका.

आणि ग्रामसभा पुन्हा बोलवा. धनगरवाड्याला वेळ जमेल अशा दिवशी, धोंड्याच्या विषयाची स्वतंत्र नोटीस काढून.

पन्हाळा २०२५ साली जागतिक वारसा यादीत गेला तेव्हा आपल्या जिल्ह्याला किती आनंद झाला होता. शाळाशाळांत पेढे वाटले गेले, मीही वाटले. पन्हाळ्याला राजे होते, त्यांची नावं आहेत, बखरी आहेत. आमच्या धोंड्यावर ज्यांनी बैल ठेचला त्यांचं नाव सांगणारं कुणी नाही. त्यांचं एवढंच काम आपल्याकडे उरलं आहे, आणि आत्ता त्याच्यावर फुली आहे.

येत्या रविवारी मी वाडीत आहे. सकाळी सातला धोंड्याच्या उगवतीच्या अंगाला उभी असेन. तुमच्यातल्या ज्यांना यायचं असेल त्यांनी सातलाच यावं, नऊनंतर उन्हं वर चढतात आणि बैल दिसेनासा होत जातो. उभ्या बाजूचे खळगे पाहून झाले की ओढ्यावरून एक तांब्या पाणी आणून हलक्या हातानं कातळावर ओतू आणि बैल पाहू. पाथरवट बाबाही येणार आहेत. सह्या केलेला माझा अर्ज बरोबर असेल, चौथी पोच तुम्ही तिथंच द्यावी.

आपली विश्वासू,
वाडीची एक माहेरवाशीण, निवृत्त शिक्षिका, कोल्हापूर